‘रन्’चे अर्थ किती ?

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तींत सर्वांत अधिक जागा ‘सेट्’ या शब्दानें व्यापली होती. पुढें कोशाचें संशोधन चालू असतां हा मान ‘रन्’कडे गेला, संपादक पीटर गिलिव्हर यांनीं या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढल्याचें २०११ मध्यें प्रसिद्ध झालें. इंग्रजीच्या श्रीमंतीचा दाखला म्हणून हा आंकडा पुढें केला जातो. आम्हांस तो दाखला मान्य नाहीं.

अर्थ मोजतो कोण, हा पहिला प्रश्न. इंग्रजींत माणूस, नदी, नाक, घड्याळ आणि धुतांना कच्चा रंग हीं सारीं ‘रन्’ करतात. दुकानदार तर दुकानासच ‘रन्’ करतो. बोलणाऱ्याच्या मनांत अर्थांची यादी नसते. अखंड पुढें जाणारी गति ही मूळ कल्पना असते, आणि सोबतचा शब्द तिला त्या त्या ठिकाणीं रूप देतो. एक अर्थ कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला, ही रेषा कोशकार ओढतो. डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत ‘रन्’ची गणना अशाच अस्थिर क्रियापदांत करून, त्यांचे अर्थ कोशांत बांधून ठेवणें अशक्य असल्याचें मोकळेपणानें सांगितलें होतें. ६४५ हें माप कोशकाराच्या चिकाटीचें आहे. भाषेच्या ऐश्वर्याचें नव्हे.

याच मापानें ऐश्वर्य मोजावयाचें, तर आमचें ‘लागणें’ पहावें. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, आणि घाटांत एखाद्यास गाडीही लागते ! यांत कोणाही मराठी माणसास नवल वाटत नाहीं.

खरें नुकसान होतें तें शिकवणींत. एका इंग्रजी शब्दास एकच मराठी शब्द जोडून देण्याच्या पद्धतीमुळें विद्यार्थी ‘रन्’ म्हणजे ‘धांवणें’ एवढेंच पाठ करतो. परंतु मराठींत माणूस धांवतो, नदी वाहते, नाक गळतें, घड्याळ चालतें आणि रंग जातो. अमेरिकेंत निवडणुकीसाठीं उमेदवार ‘धांवतो’. इंग्लंडांत व आमच्याकडे तो ‘उभा राहतो’. भाषांतरकारानें त्या अमेरिकन उमेदवारास मराठींतही पळावयास लावलें, तर दोष ‘रन्’चा नव्हे, पाठ केलेल्या जोडीचा होय.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून शिकावा. नुसत्या जोड्या घोकल्यानें परकी भाषा तर साधत नाहींच. वर आपलीं वाहणारीं, गळणारीं व चालणारीं क्रियापदें मात्र हातचीं जातात.