रिपोर्टवरची 'गुणवत्ता' : शुक्राणू, यंत्र आणि पारख

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं होतं, की सर, हे प्रत्यक्ष, अनुमान वगैरे सगळं ठीक, पण आजच्या जगण्यात हे लागतं कुठे? आज एक ठिकाण दाखवतो. विषय जरा संकोचाचा आहे. पण र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं ते 1927 साली, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, 1934 मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. या सगळ्याला आता शंभर वर्षं होत आली. आपण अजून किती लाजायचं?

तीनेक महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रिसोडकडचा. शेती करतो, लग्नाला सहा वर्षं झालीत. बराच वेळ पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मोठ्या शहरातल्या एका केंद्रात केलेली वीर्यतपासणी. बरेच आकडे, आणि खाली एक ओळ : एआय विश्लेषण, गुणवत्ता कमी. तो म्हणाला, "सर, माणसानं सांगितलं असतं तर दुसरीकडे दाखवलं असतं. पण हे मशीननं काढलंय. म्हणजे पक्कंच ना?"

या 'पक्कंच ना'वर मला बोलायचं आहे.

आधी शब्द घेऊ. 'गुणवत्ता' म्हटलं की आपल्याला दहावीची गुणवत्ता यादी आठवते. म्हणजे आपण त्या कागदाकडे मार्कलिस्ट म्हणून बघतो, आणि नापास झालेला पोरगा जसा तोंड लपवतो तसा हा पस्तिशीतला माणूस माझ्यासमोर बसला होता. आपले वैशेषिक म्हणतात, गुण हा द्रव्यात राहतो. तांबडेपणा फुलात आहे, गोडी उसात आहे. मग ही जी गुणवत्ता रिपोर्टवर छापली, ती शुक्राणूत आहे का?

बघू या. जागतिक आरोग्य संघटनेची वीर्यतपासणीची नियमपुस्तिका आहे. पहिली आवृत्ती 1980 ची, सहावी 2021 ची. तिच्यात दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के, असे खालचे आकडे दिलेत. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने मोजले, आणि त्यांच्यातले सगळ्यांत खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेखालचे ते पाच टक्केही बापच होते! आणि 4 टक्के योग्य म्हणजे शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं. ही पास-नापासची रेघ नाही. ती एक तुलना आहे. शिवाय त्याच माणसाचा आकडा या महिन्यात एक, तर पुढच्या महिन्यात दुसरा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मध्ये सणसणीत ताप येऊन गेला तरी फरक पडतो. तेव्हा हा गुण उसातल्या गोडीसारखा नाही. वैशेषिकांच्या भाषेत तो संबंधाच्या जवळ जातो : कुणाशी तुलना केली, केव्हा मोजलं, जोडीदाराची परिस्थिती काय, यावर तो उभा आहे.

आता यंत्र. लेवेनहुकने 1677 मध्ये सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले. 1694 मध्ये हार्टसोकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूसच काढून दाखवला. ते त्याला भिंगातून दिसलं नव्हतं, त्याच्या काळाने जे शिकवलं तेच त्याने तिथे असेल असं मानलं. यंत्राला काळ नसतो, असं आपण समजतो. पण त्याला शिकवणारे असतातच. चिलीमध्ये तीन तज्ज्ञांना शुक्राणूंच्या डोक्यांची 1854 चित्रं दिली आणि पाच प्रकारांत वाटायला सांगितलं. हा चित्रसंच पुढे अशा प्रणाल्यांची परीक्षा घ्यायला वापरला गेला. तिघांचंही एकमत झालेली चित्रं किती? 384. जेमतेम पाचवा हिस्सा. ज्या गुरुजींचं आपसातच जमत नाही, त्यांच्या हाताखाली शिकलेला शिष्य अचूक आहे म्हणायचं, तर कशाच्या मानाने अचूक? तो गुरुजींच्या बहुमताशी जुळतो, एवढंच सिद्ध होतं. न्यायशास्त्रात शब्दप्रमाण असतं ते आप्ताचं. इथे तीन आप्तांचे तीन शब्द आहेत, आणि यंत्रातून बाहेर येताना त्यांचा एकच ठणठणीत आकडा होतो. मतभेद गाळला जातो. माझा आक्षेप आहे तो इथे, यंत्र वापरण्यावर नाही.

कारण यंत्राचे उपकारही आहेत. लॅबमधला माणूस दुपारी चारनंतर थकतो, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, हे खरं आहे. 2025 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक हकिकत दिली. जवळपास वीस वर्षं मूल व्हावं म्हणून खटपट करणारं जोडपं, नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणूच सापडत नव्हते. यंत्राने एका नमुन्याची सुमारे 25 लाख छायाचित्रं तपासली आणि दोन शुक्राणू शोधले. गर्भ राहिला. मी ते वाचलं तेव्हा खरोखर हात जोडले.

पण नीट बघा हं. तिथे यंत्राने शोधलं. शोधलेलं आहे की नाही, हे कुणीही भिंगातून पाहून सांगू शकतो. ते प्रत्यक्ष आहे. पारखणं वेगळं. हा चांगला, तो वाईट, हे अनुमान आहे. त्याची व्याप्ती कशाशी बांधायची? खरं तर जन्मलेल्या बाळाशी. पण बाळ येतं ते बीजांडावर, आईच्या वयावर, गर्भाशयावर, आणि कितीतरी अज्ञात गोष्टींवर. म्हणून बहुतेकदा ती तज्ज्ञांच्या मतालाच बांधली जाते, आणि आपण गोल फिरून परत तिथेच येतो. आणखी एक गंमत. आकार तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे काचेवर रंग देऊन बघणं. त्यात शुक्राणू मरतात. म्हणजे ज्याची पारख झाली तो वापरला जात नाही, आणि जो वापरला जातो त्याची तशी पारख झालेली नसते. न रंगवता जिवंतपणी पारखायचे प्रयत्न चालू आहेत, पण बांधाबांधीचा प्रश्न तिथेही तोच राहतो.

तो विद्यार्थी सोयाबीनवाला. त्याला मी त्याच्याच भाषेत विचारलं, पेरणीआधी उगवणशक्ती कशी पाहतोस? म्हणाला, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्याने कोंब मोजतो. सत्तर आले की झालं. साठ आले तर? "तर एकरी बियाणं वाढवतो." बघा, साठ आले म्हणून तो पोत्याला नालायक म्हणत नाही.

हे उदाहरण दिलं खरं, पण मलाच नंतर खटकलं. बीज आणि क्षेत्र ही उपमा मनुस्मृतीइतकी जुनी आहे, आणि तिने बाईचं फार नुकसान केलंय. शेतकरी उगवलं नाही तर आधी बियाणं तपासतो. घरात मात्र उलट, सगळा दोष शेताला! माझ्या एका काकूला 'वांझोटी' म्हणत आयुष्य काढावं लागलं. काकांची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जोडप्याला मूल होत नाही तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा पुरुषाकडेही कारण असतं, हे आज माहीत आहे. तरी वाशीम, मानोरा, मंगरूळपीरच्या घरांतून आधी सुनेला अकोल्याला नेतात, मुलाला नंतर, तेही चोरून. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा जन्म झाला 6 ऑगस्ट 1986 ला. त्यालाही चाळीस वर्षं होत आली, पण हा क्रम बदलला नाही. म्हणून पुरुषाच्या हातात रिपोर्ट येतोय याचं मी स्वागतच करतो. फक्त काकूच्या कपाळावरचा शिक्का काढून आता नवऱ्याच्या कपाळावर मारायचा असेल, आणि तोही 'मशीननं काढलंय' म्हणून कुणी प्रश्नच विचारायचा नसेल, तर त्यात आपण कमावलं काय?

मी त्याला एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना तीन गोष्टी विचार : हे यंत्र कुणाच्या नमुन्यांवर शिकलं, माझी तपासणी पुन्हा केव्हा करायची, आणि 'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी. पहिल्या प्रश्नाला त्या केंद्रात कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुसऱ्याला होतं. परवा त्याचा फोन आला, येत्या सोमवारी दुसरी तपासणी आहे, बायको सोबत येणार आहे. पहिल्या वेळी त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

थांबतो. पाणी पितो, मग तुमचे प्रश्न घेऊ.