तळघरातला ऑर्गन

ऑर्गन हे वाद्य मराठी माणसाच्या परिचयाचे झाले ते दोन वाटांनी. एक वाट चर्चची. गायनवृंदाच्या पाठीशी उभे राहून साऱ्या धर्मग्रामाला एका सुरात आणणारे वाद्य म्हणून आपण त्याला ओळखतो. दुसरी वाट संगीत रंगभूमीची. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांनी बालगंधर्वांच्या गाण्याला दिलेली ऑर्गनची साथ हा मराठी रसिकतेच्या इतिहासाचा भागच होऊन बसला आहे. दोन्ही ठिकाणी या वाद्याचे काम एकच : गाणाऱ्याला एकटे पडू न देणे.

असे असता जगभरचा चित्रपटप्रेक्षक ऑर्गनचा खर्जातील सूर कानी पडताच दचकतो, हे नवल नव्हे काय? बाखची डी मायनरमधील टोकाटा १९३१च्या ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’च्या आरंभी वाजली, १९३४च्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये बोरिस कार्लॉफच्या बोटांखाली वाजली, आणि पुढे ती भयाची खूणच ठरली. उपासनेचे वाद्य भीतीचे कसे झाले? आपल्याकडे पुष्कळ घरांत भयपट म्हणजे अमंगळ, म्हणून दूर सारले जातात; आणि उरलेल्या घरांत ते मुकाट्याने पाहिले जातात. त्यांच्याविषयी बोलणे मात्र दोन्हीकडे होत नाही. ते व्हावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या प्रश्नाचे उत्तर ज्या चित्रपटात दडले आहे, तो १९२५चा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हा मूकपट. गास्ताँ लरू यांच्या फ्रेंच कादंबरीवर तो आधारलेला आहे. पॅरिसच्या ऑपेरागृहाखालच्या तळघरांत एरिक नावाचा एक विद्रूप संगीतज्ञ मुखवटा घालून राहतो. क्रिस्तीन या गायिकेला तो अदृश्य राहून शिकवतो आणि अखेर पळवून आपल्या भुयारात आणतो. तेथे तो ऑर्गन वाजवीत बसला असता ती मागून येते व त्याचा मुखवटा ओढून काढते. तो चेहरा आधी आपल्याला दिसतो, क्रिस्तीनला नंतर. आणि त्या मधल्या क्षणात प्रेक्षक एरिकच्या गुपिताचा वाटेकरी होऊन जातो. लॉन चॅनी या नटाने ही रंगभूषा स्वतःच केली होती. त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर. शब्दावाचून बोलणे तो घरीच शिकला होता, हे त्याचे हात पाहताना वारंवार जाणवते.

या दृश्यातील खरे भयंकर काय असेल, तर श्रोत्यांवाचून वाजणारे ते वाद्य, असे आम्हांला वाटते. ज्या ऑर्गनने सभेला एकत्र आणावे, तो येथे जमिनीखाली, एका माणसापुरता उरला आहे. चर्चच्या माळ्यावरचा ऑर्गन आणि तळघरातला ऑर्गन यांचे सूर तेच; फक्त भोवतालची माणसे नाहीशी झाली आहेत.

पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातील वाचकांना मुखवट्यांचे भय नवे नाही. बोहाड्यात टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या ठेक्यावर राक्षसाचे सोंग नाचत येते, तेव्हा पुढे बसलेली पोरे आईच्या पदरात तोंड लपवतात. पण त्या लाकडी तोंडामागे अमुक पाड्यावरचा अमुक आहे, हे साऱ्या गावाला माहीत असते. सोंग नाचून गेले की तोच माणूस चहा पिताना दिसतो. भय आणि ओळख तेथे हातात हात घालून येतात. एरिकच्या मुखवट्यामागचा माणूस मात्र कुणाच्याच ओळखीचा नाही, आणि त्याची सारी शोकांतिका एवढ्यातच आहे.

आता हे चित्रपट कसे पाहिले जात, याविषयी थोडे. मूकपट कधीच मुका नसे. अमेरिकेतील मोठमोठ्या चित्रपटगृहांत त्यासाठी खास ऑर्गन बसविले गेले. रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्रज ऑर्गनकार १९१०मध्ये वुर्लिट्झर कंपनीत गेला आणि एकाच वादकाला अख्ख्या वाद्यवृंदाचे काम करता येईल असे यंत्र त्या कंपनीने बाजारात आणले. आपल्या पायपेटीत धातूच्या पट्ट्या बोलतात. यात शेकडो नळ्यांतून वारा बोले, शिवाय ढोल, घंटा, घोड्यांच्या टापा, गडगडाट, सारे कळीच्या एका दाबावर. अशी दोन हजारांहून अधिक वाद्ये त्या कंपनीने बनविली. १९२७नंतर बोलपट आला आणि वादकांच्या नोकऱ्या गेल्या. काही वाद्ये मात्र तगली. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे १९२८मध्ये उघडलेल्या मिशिगन थिएटरात बार्टन कंपनीचा मूळ ऑर्गन आहे. १९७९मध्ये ते नाट्यगृह पाडले जाणार असे दिसताच नागरिकांनी ते वाचविले. अशा जुन्या वास्तूंत ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी वा तिच्या आसपास, हे मूक भयपट ऑर्गनच्या साथीने दाखविले जातात. न्यू यॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या एपिस्कोपल कॅथीड्रलमध्येही ती प्रथा रुजली. वादकाचे डोळे पडद्यावर, बोटे कळींवर. पुष्कळदा समोर लिहिलेले फारसे काही नसते. म्हणून चित्रपट तोच असला तरी कालचा आणि आजचा प्रयोग एक नसतो.

अशा प्रयोगांविषयी आमची एक तक्रार आहे. प्रेक्षक चित्रविचित्र वेष करून येतात, हशा पिकवतात, आणि काही वादकही त्या हशाला खतपाणी घालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या अभिनयाला हसणे सोपे असते. ज्याला हे वाद्य खरोखर कळले आहे, तो मुखवटा निघण्याच्या क्षणी हात उचलून घेईल. ऑर्गनच्या स्तब्धतेचे सामर्थ्य आम्हां कॅथलिकांना कुणी शिकवावयास नको. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पास्काच्या जागरणापर्यंत हे वाद्य स्वतंत्रपणे वाजत नाही, आणि त्या दोन दिवसांची पोकळी लहान मुलांनाही जाणवते.

‘फँटम’चा शेवट आम्हांला मान्य नाही. मूळ कादंबरीत एरिक क्रिस्तीनला मुक्त करतो व दुःखाने मरतो. चित्रपटातही प्रथम तो आपल्या ऑर्गनपाशीच हृदय फुटून मरतो असे चित्रित केले होते. परंतु पूर्वप्रयोगांतील प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून निर्मात्यांनी नवा शेवट जोडला : जमाव त्याचा पाठलाग करतो, सीन नदीच्या काठी त्याला गाठतो. एरिक मूठ उगारतो, जणू तीत काही स्फोटक आहे. लोक थबकतात. तो मूठ उघडून दाखवतो. हात रिकामा असतो. मग ते त्याला ठेचून नदीत फेकतात. गर्दीला समाधान मिळाले, करुणा गेली. मात्र त्या रिकाम्या मुठीत चॅनीने तिचा एक अंश वाचविला आहे.

याच्या तुलनेत मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) अधिक खोल आहे. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वर विनापरवाना बेतलेला म्हणून न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला होता, काही प्रती वाचल्या म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. पुढच्या ‘ड्रॅक्युला’पटांत क्रूस हे भुतापुढे धरण्याचे हत्यार होऊन बसले. येथे दुष्टाचा अंत होतो तो एका स्त्रीने पहाटेपर्यंत स्वतःचा बळी देऊ केल्यामुळे. श्रद्धेचे चिन्ह मिरविणारे ते चित्रपट, आणि श्रद्धेचा आशय जगणारा हा. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५मध्ये ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तीत कला या विभागात ‘नोस्फेरातू’ आहे. भयपट म्हणताच टीव्ही बंद करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी याची नोंद घ्यावी. त्याच यादीत, धर्म या विभागात, प्रभू येशूच्या जीवनावरचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा फ्रेंच मूकपटही आहे. ख्रिस्तचरित्राचाच एक मूकपट मुंबईत पाहून त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांना आपली दैवते पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला, आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे त्यांनी नाशिकलाच आपले बिऱ्हाड व कारखाना नेला. आपल्याकडे त्या काळी पडद्याशेजारी पेटी आणि तबला असे.

ही दोन सूत्रे, नाशिकचा मूकपट आणि मराठी रंगभूमीचा ऑर्गन, पुन्हा एकत्र का येऊ नयेत? १९९३मध्ये बंद पडलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६मध्ये पुन्हा उघडले. अशा प्रयोगाला ती वास्तू शोभून दिसेल. पण तेवढा थाटही नको. आमच्या पेठला ऐतिहासिक नाट्यगृह नाही, नळ्यांचा ऑर्गनही नाही. एक पांढरी भिंत, एक प्रोजेक्टर आणि नाट्यसंगीताला साथ केलेला, कान जागा असलेला पायपेटीवाला एवढे पुरे. पहिला प्रयोग, आमच्या मते, ‘नोस्फेरातू’ श्रेष्ठ असूनही ‘फँटम’चा करावा, कारण त्याला साथीची गरज अधिक आहे. जमाव नदीकाठी पोहोचेल तेव्हा वादकाने पाठलागाची लय धरू नये. ती मूठ उघडेपर्यंत थांबावे, आणि मग तळघरात एरिक जे वाजवीत होता तेच, अगदी हळू, पुन्हा वाजवावे.