उतरणीवरील आनंद

दुखणाईताचे आत्मचरित्र हाती घेतले म्हणजे ते कोठे जाऊन संपणार हे बहुधा पहिल्या प्रकरणातच कळून चुकते. एक तर लेखक अखेरीस बरा होतो, किंवा बरा न होता 'जिंकतो'. आणि यांपैकी काहीच न घडल्यास त्याचा कोणी आप्त प्रस्तावना लिहून आपल्या डोळ्यांतून पाणी काढतो. करुण आणि वीर ह्या दोन रसांपलीकडे रोग्याला वाङ्मयात तिसरा रस जणू मंजूरच नाही. निव्वळ खेळाचा आनंद ही निरोगी माणसांची मिरासदारी आहे, असे लेखक आणि त्यांहूनही अधिक वाचक धरून चालतात. ह्या समजुतीची परीक्षा पाहण्यास एक विषय आम्हांस फार सोयीचा वाटतो. उत्तरोत्तर वाढत जाणाऱ्या व्याधीने गाठलेली काही माणसे दर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावरून स्कीवर घसरत खाली येतात, आणि केवळ मौजेखातर पुन्हा वर जातात. बर्फ पाहावयास ज्यांना काश्मीर किंवा हिमाचल गाठावे लागते अशा आमच्या वाचकांस हे सारे दूरचे वाटेल. पण आमचा प्रश्न बर्फाचा नसून सांगण्याच्या रीतीचा आहे.

८ फेब्रुवारी १९६४ रोजी इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्लॅलमची शर्यत झाली. त्या वर्षी बर्फ इतके थोडे पडले होते की ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी ते डोंगरांतून वाहून आणून शर्यतीच्या वाटांवर पसरले. ऑस्ट्रियाचा पेपी श्टीग्लर पहिला आला, अमेरिकेचा बिली किड दुसरा, आणि किडचाच सोबती जिमी ह्यूगा तिसरा; तिघांमधील अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत. अमेरिकन पुरुषांनी ह्या प्रकारात मिळवलेली ही पहिलीच ऑलिंपिक पदके होत. १९७० साली ह्यूगाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे निदान झाले. १९९३ साली श्टीग्लरच्याही बाबतीत तेच निदान झाले. एकाच शर्यतीतील सुवर्णपदकाचा व कांस्यपदकाचा असे दोन्ही मानकरी एकाच व्याधीच्या तावडीत सापडावे, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्हीच त्याला नावे ठेवली असती.

ही व्याधी फ्रेंच वैद्य शार्को ह्याने १८६८ साली प्रथम नीटपणे वेगळी काढून दाखविली. शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरच्या मायेलिन नामक आवरणावर उलटते, आणि मग पायांतील बळ, तोल, दृष्टी, स्पर्श यांपैकी कशाचा केव्हा ऱ्हास होईल याचा नेम राहत नाही. काहींना मध्यंतरी दीर्घकाळ उतार पडतो, काहींची घसरण संथपणे पण न थांबता चालू राहते. ह्यूगाच्या तरुणपणी रोग्यास सल्ला मिळे तो विश्रांतीचा: श्रम करू नका, शक्ती राखून ठेवा. ज्याचे सारे आयुष्य डोंगरावर गेले त्याने खुर्चीत बसून राहावे, हे पथ्य ह्यूगाने काही काळ पाळले, मग झुगारून दिले आणि बेताबेताने व्यायामास आरंभ केला. १९८४ साली त्याने कोलोरॅडोमध्ये ह्याच व्याधीच्या रोग्यांसाठी संस्था काढली. रोग हटविता येत नसला तरी रोगासह प्रकृती राखता येते, एवढीच तिची भूमिका होती. रोग्याने व्यायाम करावा, हे मत आज वैद्यकात सर्वमान्य झाले आहे.

आता ही हकीकत वर्तमानपत्री लेखक कशी सांगतात ते पाहावे. पदक, आघात, जिद्द, संस्था. आणि शेवटी 'त्याने व्याधीवर मात केली' हे ठरीव वाक्य. मात कसली? व्याधी थांबली नाही. ह्यूगाला पुढे चाकाच्या खुर्चीचा आश्रय करावा लागला, आणि ८ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे त्या शर्यतीला बरोबर ४६ वर्षे झाली त्या दिवशी, तो वारला. विजयाचे वाक्य लिहिणाऱ्यास ही अखेरची वर्षे गैरसोयीची वाटतात, म्हणून तो ती गाळतो. परंतु ज्या घरात अशी व्याधी आली आहे, त्या घरास नेमक्या ह्याच वर्षांविषयी कोणीतरी बोलावे असे वाटत असते. त्यांच्यापुढे विजयकथा ठेवणे म्हणजे, तुमचा माणूस खालावत चालला असेल तर त्याची जिद्द कमी पडली, असे आडून सुचविणे होय. हा आमचा ह्या प्रकारच्या लेखनावरील मुख्य आक्षेप आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन नाही.

करुणरसाच्या बाजूने ह्याच व्याधीचे एक जुने व थोर पुस्तक आहे. बार्बेलियन हे टोपणनाव घेऊन ब्रूस कमिंग्ज नावाच्या तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 'जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन' ही आपली रोजनिशी १९१९ साली प्रसिद्ध केली. प्रस्तावना एच. जी. वेल्स यांची असल्यामुळे पुस्तकही त्यांनीच लिहिले असावे अशी वदंता उठली होती. लष्करी तपासणीस जाताना डॉक्टरने दिलेले मोहोरबंद पत्र १९१५ साली ह्या तरुणाने वाटेत फोडले, आणि आपल्या रोगाचे नाव त्याला तेथे प्रथम वाचावयास मिळाले. आपल्या पत्नीस हे विवाहापूर्वीच ठाऊक होते, हे तर त्याला आणखी पुढे कळले. ज्याचे दुखणे त्यालाच सर्वांच्या मागाहून समजावे, हा प्रकार आमच्याकडील कुटुंबांना परका नाही. बार्बेलियनची भाषा धारदार आहे, स्वतःकडे पाहण्याची त्याची निर्दयता अपूर्व आहे. पण त्याच्या पुस्तकातील सर्वांत सूचक गोष्ट त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. लेखक ३१ डिसेंबर रोजी मरण पावला, अशी नोंद देऊन १९१७ सालची ही रोजनिशी संपते. प्रत्यक्षात तो जिवंत होता, आणि १९१९ च्या ऑक्टोबरात मरण येण्यापूर्वी त्याने आपल्याच पुस्तकाची परीक्षणे वाचली! एवढ्या प्रामाणिक लेखकालादेखील खोटा शेवट रचावा लागला, कारण हळूहळू वाढणारा रोग कथेला हवा तेव्हा शेवट देत नाही.

आणि म्हणूनच आम्हांस बर्फावरील खेळाचे महत्त्व वाटते. त्याला शेवट लागतच नाही. दरवर्षी नवा आरंभ लागतो. हा खेळ अपंगांसाठी घडविला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या ऑस्ट्रियन व जर्मन सैनिकांनी. पुढे १९७० साली कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे पाय गमावलेल्या मुलांना शिकविण्यास प्रारंभ झाला, आणि १९७६ साली स्वीडनमध्ये पहिले हिवाळी पॅरालिंपिक भरले. परंतु ज्याचा पाय एकदा गेला त्याचे नुकसान होऊन चुकलेले असते. त्याला एकदा जमलेली रीत जन्मभर पुरते. वाढत्या व्याधीच्या माणसाची गोष्ट निराळी. पहिल्या वर्षी तो आपल्या दोन स्कींवर उभा असतो, हातांत मात्र काठ्यांऐवजी आउटरिगर, म्हणजे कुबडीच्या टोकाला बसविलेल्या आखूड स्की. बर्फावर चार रेघा उमटतात. पुढे पाय उभे राहू देईनासे झाले की मोनोस्की येते: घडीव आसन, त्याखाली धक्के शोषणारी स्प्रिंग आणि एकच स्की. ती चालविण्यास धडात व खांद्यांत बळ व तोल हवा. तेही ओसरले की बायस्की. हिच्या आसनाखाली दोन स्की असल्यामुळे ती सहसा कलंडत नाही, आणि मागून शिक्षक दोरीने तिचा वेग आवरतो. बसणाऱ्याने मान व खांदे एका अंगास झुकविले की ती वळते.

ह्या क्रमाला अधोगती म्हणावी काय? रोगाच्या दृष्टीने आहेच. पण वाऱ्याचा झोत, वळणावर पोटात येणारा गोळा, स्कीखालून उडणारा बर्फाचा भुगा ही तिन्ही आसनांवर तीच राहतात. शिवाय ज्याला घरात दहा पावलेही जड झाली आहेत त्याला येथे पृथ्वी स्वतः खाली ओढून नेते. श्रम उतरणीचे नसतात, तोल सांभाळण्याचे असतात. थंडीचीही मौज अशी की, ह्या व्याधीत उष्णतेने लक्षणे तात्पुरती बळावतात (श्रमाने दृष्टी तात्पुरती मंदावते हे ऊटहोफ ह्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० सालीच नोंदविले होते), तेव्हा उन्हाळ्यात हतबल होणाऱ्या पुष्कळांना थंड हवेत हुशारी वाटते. काहींचे स्नायू मात्र थंडीने उलट ताठरतात.

दोरी दुसऱ्याच्या हाती असता हा खेळ त्या माणसाचा कसा, असा आक्षेप घेणारे असतात. गवयाच्या मागे बसून तंबोरा दुसरा कोणी छेडतो म्हणून गाणे त्या छेडणाऱ्याचे होते काय? एका बैठकीत अशाच घसरणीची चित्रफीत आम्ही दहाबारा जणांनी मिळून पाहिली. आमच्यापैकी अनेकांचे डोळे पाणावले. आम्हीही त्यांत होतो. नंतर कोणीतरी नजरेस आणून दिले की आसनातील बाई आरंभापासून शेवटपर्यंत हसत होत्या. आम्ही तिचे हसू पाहिलेच नव्हते, आम्ही आमचा करुणरस पाहत होतो.

अमेरिकन लेखिका नॅन्सी मेअर्झ (मृत्यू २०१६) हिलाही हीच व्याधी होती. १९८६ च्या आपल्या निबंधसंग्रहात तिने स्वतःसाठी सौम्य शब्द नाकारून पांगळी ह्या अर्थाचा कठोर इंग्रजी शब्द हट्टाने वापरला आहे. आमच्याकडे २०१६ पासून सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द आला. हेतू चांगला असेल. पण ज्याचे पाय चालत नाहीत त्याला देवत्व बहाल केल्याने जिन्याला उतार बसत नाही. मेअर्झच्या लेखनात चीड आहे, विनोद आहे, संसाराची कटकट आहे, आणि धडा कोठेच नाही. तिने बर्फावरील खेळावर लिहिले नाही, तरी त्यावर लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम तिला वाचावे.

हा खेळ खर्चाचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो धर्मादाय संस्था व विनामोबदला येणारे शिक्षक यांच्या बळावर चालतो. ह्याचाही उल्लेख अशा पुस्तकात हवा, कारण केवळ जिद्दीने कोणी डोंगरावर चढत नाही. पाळण्यावर आसनासकट चढविताना होणारी ओढाताण हवी. मागल्या हिवाळ्यातील मोनोस्की ह्या वर्षी जमत नाही हे शिक्षकाला आधी कळते की आपल्याला, ती अवघड घटका हवी. आणि दुपारी विसाव्याच्या वेळी कोणीतरी बूट काढून पावले हातांनी चाचपून पाहते, कारण ती गारठली आहेत हे त्या पावलांकडून कळत नाही. मग बूट पुन्हा चढवून, पट्टे आवळून, उजेड आहे तोवर आणखी एक फेरी. असे पान आम्हांस अद्याप वाचावयास मिळालेले नाही.