बेलची बारीक गोळी आणि आपल्या शिकारकथा

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथल्या जुन्या मराठी घरांत शिकारीच्या आठवणी निघाल्या, की एक मत हटकून ऐकू येतं: नेम पक्का असेल तर हरणाला बारीक गोळी पुरते. कोणी शंका काढली तर लगेच दोन साक्षीदार उभे होतात, जिम कॉर्बेट आणि डब्ल्यू. डी. एम. ऊर्फ ‘कारामोजो’ बेल. म्हणून मूळ साक्षच तपासावी अशा हेतूने मी बेलचं ‘द वाँडरिंग्ज ऑफ अ‍ॅन एलिफंट हंटर’ (१९२३) हे पुस्तक पुन्हा वाचलं. पुस्तक उत्तम आहे. पण त्याची साक्ष आपण भलत्याच खटल्यात वापरतो, असं माझं मत झालं.

बेलने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बी या हलक्या रायफलीने. .२७५ म्हणजे जर्मन ७ × ५७ माउझरच. रिग्बीने त्याला इंग्रजी नाव दिलं एवढंच. बेलचं म्हणणं असं, की बंदूक किती मोठी यापेक्षा गोळी कुठे बसते ते महत्त्वाचं. हे त्याने नुसतं म्हटलं नाही. हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो, हे त्याने पाहिलं. अभियंता म्हणून मला हा माणूस इथे फार आवडतो.

पण त्याचं काडतूस कोणतं होतं, ते बघा. लांब, पूर्ण धातूच्या कवचाची, साधारण १७३ ग्रेनची गोळी. तिचं काम एकच: जाड हाडातून सरळ, आकार न बदलता मेंदूपर्यंत जाणं. चितळाच्या छातीत हीच गोळी मारली तर ती आरपार निघून जाते आणि मागे बारीक भोक ठेवते. जनावर पळतं, रक्ताचा माग नीट सापडत नाही, आणि ते कुठेतरी झाडीत पडून तासन्‌तास तडफडतं. हरणाच्या बाबतीत नेम असतो हृदय-फुप्फुसांवर, आणि तिथे गोळी फुलणं आवश्यक असतं. म्हणजे हत्तीला लागणारा गुण हरणाला अवगुण ठरतो. तेव्हा बेलचे हत्ती दाखवून हरणाची गोळी सिद्ध होत नाही.

इथे आपल्या देशाचा एक विचित्र संबंध आहे. पुढे शिसं उघडं ठेवलेली .३०३ची फुलणारी गोळी १८९० नंतरच्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनली. १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. आणि इंग्लंडचा आजचा हरीण कायदा नेमकी फुलणारीच गोळी सक्तीची करतो! माणसासाठी जी क्रूर, ती हरणासाठी दयाळू. कारण शिकाऱ्याकडून अपेक्षा ही, की जनावर जागीच संपावं.

बेल पुढे स्कॉटलंडात राहिला आणि तिथल्या लाल हरणांवर .२२० स्विफ्ट वापरून त्याने तिची तारीफ केली. हे काडतूस विंचेस्टरने १९३५ मध्ये आणलं: ४८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ४,११० फूट. हिशेब केला तर ऊर्जा येते साधारण १,८०० फूट-पाउंड. आता स्कॉटलंडचा १९८५ चा नियम बघा. मोठ्या हरणांसाठी गोळी किमान १०० ग्रेन (ही वजनाची अट २०२३ पर्यंत होती), वेग किमान २,४५०, ऊर्जा किमान १,७५०. वेगात आणि ऊर्जेत स्विफ्ट पास, वजनात सपशेल नापास. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात ती .२४० इंच या किमान व्यासालाच अडकते.

हे उगाच नाही. गोळीचं वजन पाउंडात घेऊन इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागलं, तर ती किती खोल जाईल याचा एक ढोबळ अंदाज मिळतो. स्विफ्टचा आकडा येतो ०.१३७, तर .२७५ च्या १४० ग्रेनच्या गोळीचा ०.२४८. ऊर्जा कागदावर पुरेशी असली तरी हलकी, अतिवेगवान गोळी खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटू शकते. बेलसारख्या नेमबाजाला याची झळ कमी लागली असेल. कायदा मात्र सामान्य शिकाऱ्याच्या हाताचा विचार करून होतो, आणि तेच बरोबर आहे.

कॉर्बेटची साक्ष तर आणखी लंगडी. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीनंतर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली, हे खरं. पण .२७५ इथे रुळली ती निव्वळ गुणांवर नाही. लष्कराचं .३०३ काडतूस खासगी हातांना बंद होतं, ७ मिलिमीटरला ती अडचण नव्हती. आपल्या आयुध कारखान्यांनी पुढे नागरिकांसाठी .३१५ काढली, तिच्यामागेही हेच कारण. निवड बरेचदा परवान्याने केली, शिकाऱ्याने नाही.

शिवाय ‘हरीण’ म्हणजे कोण? भेकर वीस-पंचवीस किलोचं, चितळाचा नर ऐंशीच्या आसपास, सांबराचा नर दोनशेच्या वर. काळवीट तर शास्त्राने या कुळातलंच नाही; त्याची शिंगं गळत नाहीत. या सगळ्यांना एकच गोळी ‘चालते’ म्हणणं म्हणजे सायकल आणि ट्रकला एकच ब्रेक लावणं.

शिकारकथांचा खरा दोष मला वेगळाच दिसतो. त्यांत मेलेली जनावरं मोजलेली असतात, जखमी होऊन निसटलेली नाहीत. अशा यादीवरून कोणतंही काडतूस उत्तमच दिसणार. आज आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा आहे. त्यामुळे हा वाद आपल्यासाठी बंदूक निवडण्याचा उरलेला नाही, पुरावा वाचण्याचा आहे. शिकारखान्याचे कागद किंवा घरातली जुनी वही नोंदवताना बंदूक कोणत्या कंपनीची, एवढ्यावर थांबू नका. काडतुसाचं नाव, गोळी टणक की मऊ टोकाची, किती काडतुसं खर्च झाली आणि किती जनावरं हाती लागली, हे चार रकाने करा. शेवटच्या दोन आकड्यांमधल्या फरकावर मग कथा सांगणाऱ्याला प्रश्न विचारा.