चतुर्थीतले गाव

शाळेत आपण सर्वांनीच विभक्ती घोकल्या आहेत. 'स, ला, ते' म्हणताना पुष्कळांचे लक्ष मास्तरांच्या छडीकडेच असे. तरी ज्याला काही द्यावयाचे त्याची चतुर्थी आणि ज्याच्यापासून काही दूर जावयाचे त्याची पंचमी, एवढे ध्यानात राहिले असेलच. आज फराळाच्या ताटाशी हे जुने व्याकरण काढण्याचे कारण असे की, गाव आणि संगणक यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक सारे चतुर्थीचे लिखाण आहे. 'गावाला संगणक मिळाला', 'पाड्याला इंटरनेट दिले.' शहर दाता, आणि गाव ओंजळ पसरून उभे! नऊवारीतली आजी मोबाईल हातात धरून हसते आहे, हे जाहिरातीतले चित्रही याच विभक्तीतले. आजी त्या मोबाईलचे करते काय, हे तिला कोणी विचारलेले नसते.

पालघर जिल्ह्याला हे व्याकरण नवे नाही. बोईसरजवळ तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. देशाला वीज मिळाली ही चतुर्थी. गावापासून जमीन गेली ही पंचमी. अणुभट्टीची रचना मच्छीमाराने ठरवावी, असे कोणी म्हणणार नाही. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो वापरणाऱ्याच्या हातात येतो, आणि हातातली वस्तू हाताचे वळण घेतल्यावाचून राहत नाही.

याचा दाखला पालघरच्या आधी कोल्हापूरकडे मिळतो. वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतालच्या ७० गावांत १९९८ साली संगणककेंद्रे काढण्याची मोठी योजना निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण असा तिचा थाट होता. शेतकऱ्यांनी त्या थाटातून नेमके एकच काम उचलले: आपला ऊस किती टन भरला, बिल किती झाले, खत किती उचलले, याचा हिशेब. पुढे काही संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला, तेव्हा तेच काम लघुसंदेशावर कमी खर्चात होऊ लागले. योजनेच्या अहवालात याला कोणी अपयश म्हणेल. मला तर ते उत्तम संपादन वाटते. लेखकाच्या शंभर पानांतली कामाची दहा पाने वाचकाने काढून ठेवावीत, तसे.

आता पालघरचा प्रयोग पाहू. आयआयटी मुंबईचे तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी खामलोली व आसपासच्या गावांत 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प उभारला. त्यामागची कल्पना मोठी घरगुती आहे. माळ्यावर डबे पुष्कळ असावेत आणि भरलेले दोन-तीनच असावेत, तशी आपल्या टीव्ही-प्रक्षेपणाच्या लहरींची स्थिती. ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १५ वाहिन्यांची जागा. त्यांतल्या निदान १२ देशात कोठेही रिकाम्या सापडतात, असे याच संस्थेच्या पाहणीत दिसून आले. या लहरी झाडीला फारशा अडत नाहीत आणि लांब पोहोचतात. तेव्हा त्यांवरून इंटरनेट गावापर्यंत न्यावे आणि तेथून वाय-फायने घरोघर द्यावे. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

परंतु पारितोषिकापेक्षा मला मोल वाटते ते त्यातल्या एका शब्दाचे. सरकार आणि खाजगी उद्योग यांच्या भागीदारीत या मंडळींनी 'पंचायत' हा तिसरा भागीदार घातला. येथे गाव चतुर्थीतून उठून कर्त्याच्या जागेकडे निघालेले दिसते.

निघालेले, पोहोचलेले नव्हे. भागीदारी म्हणजे खर्चाचा वाटा, एवढाच अर्थ राहिला तर दात्याच्या ओझ्याला गावाने खांदा दिला, इतकेच होईल. पावसाळ्यात यंत्रणा बंद पडली तर ती खोलून पाहण्याचा अधिकार गावातल्या पोराला आहे काय? जोडणी आधी शाळेला की दवाखान्याला, हे ग्रामसभा ठरवते काय? ज्या वारली बोलीत घरात बोलणे होते तिच्यासाठी यंत्राने वळावे, की बोलीनेच यंत्रासाठी गप्प बसावे? पारितोषिकाच्या परीक्षकांनी पारखली ती युक्ती. या प्रश्नांचे परीक्षक गावकरीच असू शकतात. त्यांची उत्तरे 'होय' येतील तेव्हा 'गावाने जाळे उभारले' हे वाक्य व्याकरणाने आणि वस्तुस्थितीनेही शुद्ध ठरेल.

वाचकहो, या दिवाळीत गावाकडची मंडळी तुमच्याकडे येतील, किंवा तुम्ही त्यांच्याकडे जाल. 'तुमच्याकडे नेट पोहोचले का हो?' असे विचारण्याचा आपला परिपाठ आहे. यंदा तो मोडावा. 'तुम्ही त्याचे काय करता?' असे विचारावे, आणि उत्तर लांबले तरी चकलीचे ताट पुढे सरकवून ते पुरते ऐकावे.