मागे जाण्याच्या दोन वाटा

मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पाची मॅन्युअल्स ज्या इन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये वाचली जातात, त्यात मागे जाण्यासाठी दोन स्वतंत्र कळा आहेत: ‘पी’ आणि ‘एल’. ‘पी’ दाबली की पुस्तकात याच पातळीवर आधी येणारा भाग उघडतो. ‘एल’ दाबली की आपण स्वतः याआधी जिथे होतो तिथे परत येतो. ‘एन’ दाबत एकेक भाग पुढे सरकत असलो, तर दोन्ही कळा एकाच जागी नेतात. पण एखादा संदर्भ धरून भलत्याच प्रकरणात शिरलो, की त्यांच्या दिशा फुटतात. ‘पी’ त्या नव्या प्रकरणाचा शेजार दाखवते. ‘एल’ आपण सोडून आलेल्या पानावर आणून सोडते, आणि ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आतल्या इन्फोत तर कर्सर जिथे होता नेमक्या त्याच ठिकाणी. ग्रंथाचा क्रम ग्रंथाचा असतो, भटकंती वाचणाऱ्याची असते. ब्राउझरच्या बॅक बटणाला त्यातली फक्त भटकंती ठाऊक आहे. म्हणून वेबवरच्या मॅन्युअलांना पानाच्या तळाशी ‘मागील’, ‘पुढील’ अशा दुव्यांची ठिगळे लावावी लागतात. इन्फोने हा भेद थेट बोटांच्या हवाली केला. मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे जमते, कारण पुस्तकाला स्वतःची रचना माहीत असते. इन्फोची फाइल म्हणजे साधा मजकूर. तो नोड नावाच्या छोट्या भागांत कापलेला असतो, पोथीच्या सुट्या पानांसारखा. प्रत्येक नोडच्या माथ्यावर एक ओळ असते: फाइल कोणती, नोड कोणता, नेक्स्ट कोण, प्रीव्ह कोण, अप कोण. याच शब्दांची आद्याक्षरे म्हणजे कळा. ‘यू’ दाबली की ज्या प्रकरणाचा हा भाग आहे तिथे, ‘टी’ दाबली की ग्रंथाच्या माथ्यावर, ‘डी’ दाबली की सगळ्या मॅन्युअलांच्या सूचीवर. कंट्रोल नाही, ऑल्ट नाही, एका बोटाचे काम. या पद्धतीचा उगम एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला, टर्मिनलला माऊस नसण्याच्या काळातला, हे ध्यानात घेतले तरी ही काटकसर केवळ नाइलाजाची वाटत नाही. माथ्यावरची ओळ वाचली की ‘एन’, ‘पी’, ‘यू’ या कळा पाठ करायची गरज उरत नाही.

आणि ज्याला काहीच ठरवायचे नाही त्याच्यासाठी स्पेसबार. पडदाभर मजकूर पुढे सरकतो. नोड संपला आणि त्याला मेनू, म्हणजे उपभागांची यादी, असला तर पहिल्या उपभागात शिरतो. उपभाग आटोपले की वर येऊन पुढचे प्रकरण धरतो. म्हणजे कादंबरी वाचावी तसे अख्खे मॅन्युअल एका कळेवर वाचता येते. इन्फोची फाइल ज्या टेकइन्फो मजकुरातून तयार होते, त्यातूनच डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीमार्फत कागदावरचे पुस्तकही छापले जाते, त्यामुळे तो क्रम लेखकाने खरोखर पुस्तकासारखा रचलेला असतो.

इन्फो शिकवणारा धडा इन्फोमध्येच आहे. ‘एच’ दाबली की उघडतो. तो नुसता वाचून पुरत नाही, तो करावा लागतो. एका नोडमध्ये तो म्हणतो, अजून ‘एन’ दाबू नका, आधी ‘पी’ दाबून मागे जा आणि मग ‘एन’ने इथे परत या. शिकवणारे पान स्वतःच शिकणाऱ्याला आपल्यापासून दूर पाठवते! शिकणारा परत येईल याची पानाला खात्री आहे, कारण परतीची वाट त्याने आधीच हातात दिली आहे. इतक्या धीराने शिकवणारी सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका मी दुसरी पाहिलेली नाही.

मेनूतल्या पहिल्या नऊ ओळी एक ते नऊ या आकड्यांनी उघडतात. मात्र ओळींपुढे आकडे छापलेले नसतात, नुसत्या चांदण्या असतात. मग सहावी ओळ कोणती हे मोजत बसायचे का? ईमॅक्समध्ये तिसरी, सहावी आणि नववी चांदणी वेगळ्या रंगात उठून दिसते. बाकीच्यांचा अंदाज डोळ्यांना आपोआप येतो.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी या रचनेचे मोल आणखी वाढते. पुण्यात वाढलेले, वाडिया महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले टी. व्ही. रामन स्वतः अंध आहेत. १९९५ साली त्यांनी ईमॅक्सला बोलते करणारे ईमॅकस्पीक प्रसिद्ध केले. पडद्यावर उमटलेली अक्षरे वाचून दाखवण्यावर ते थांबत नाही. ईमॅक्सला आतून जे ठाऊक असते त्याच्या आधारे बोलते. इन्फोत तर सगळेच आतून ठाऊक असते. नवा नोड उघडल्यावर तो पूर्ण ऐकायचा की पडदाभरच, हे ऐकणारा ठरवतो. समासातले दुवे, जाहिराती, तरंगत्या खिडक्या असले काही वाटेत येत नाही.

नवख्याचे हाल मात्र होतात, हे मान्य केले पाहिजे. ‘एलएस’ या आज्ञेच्या माहितीसाठी टर्मिनलवर ‘इन्फो एलएस’ असे लिहिणारा माणूस एका जाड ग्रंथाच्या मध्यावर जाऊन पडतो. भोवती काय आहे ते त्याला कळत नाही, आणि बाहेर पडायची कळ ‘क्यू’ आहे हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

अशा वेळी ‘आय’ दाबावी. ही कळ निर्देशसूचीची आहे, आणि ती सूची मॅन्युअलच्या लेखकाने एकेक नोंद हाताने करून घडवलेली असते. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये उचललेला मजकूर दुसरीकडे डकवण्याला ‘यँकिंग’ म्हणतात. बाहेरून आलेल्याला हा शब्द सुचणे शक्य नाही. तो ‘पेस्टिंग’ शोधणार. लेखकांनी ती नोंदही सूचीत घालून ठेवली आहे, आणि ती थेट ‘यँकिंग’च्या नोडवर नेते. ईमॅक्समधून बाहेर कसे पडायचे त्या नोडला एक्झिटिंग, किलिंग, लीव्हिंग, क्विटिंग अशा चार दारांनी येता येते. मिळालेली जागा हवी ती नसली तर स्वल्पविराम दाबावा, पुढची जुळणारी नोंद उघडते.