उत्तर आणि उलगडा

कॉलेजच्या दिवसांत मी संध्याकाळी वाचनालयात एका इंग्रजी दैनिकासाठी ताटकळत बसत असे. बातम्या वाचायची घाई नव्हती. मला हवे असे त्यातले क्रिप्टिक क्रॉसवर्ड. साध्या शब्दकोड्यात समानार्थी शब्द सांगितलेला असतो आणि आपण चौकोन भरतो. इथे तसे नव्हते. प्रत्येक संकेत म्हणजे एक सरळ दिसणारे वाक्य, आणि त्या वाक्याचा उत्तराशी काही संबंध आहे असे वाटतच नसे. दोन-तीन संकेत सुटले तरी दिवस सार्थकी लागे. उरलेल्यांची उत्तरे दुसऱ्या दिवशी छापून येत. पण ती वाचूनही हेच उत्तर का, हा प्रश्न तसाच राही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त तारमास्तर राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकदा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना एक उत्तर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, उत्तर काय, उद्या पेपरही सांगेल. का ते सांग." मला सांगता आले नाही. मी अंदाजाने भरले होते आणि ते योगायोगाने बरोबर आले होते. "मग तू कोडं सोडवलं नाहीस, चौकोन भरलेस," एवढे बोलून ते चहा प्यायला आत गेले.

समीक्षेचा माझा पहिला पाठ मी त्या ओट्यावर घेतला. कठीण साहित्याविषयी आपल्याकडे नेहमी एक वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, कविता समजावून सांगितली की मेली. दुसरा म्हणतो, जे समजत नाही ते लिहावे कशाला? क्रिप्टिक क्रॉसवर्डचा संकेत हा तीन-चार शब्दांचा क्षुल्लक प्रकार खरा, पण या वादात त्याची साक्ष काढण्याजोगी आहे. कारण हा एकच लेखनप्रकार असा आहे की ज्याला उलगड्याशिवाय पूर्णत्व येत नाही.

इंग्रजी अक्षरांची कसरत इथे मांडण्यापेक्षा मराठीतच एक संकेत रचून दाखवतो: 'नदी उलटली की गरीब (२)'. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांचा. वाचताच डोळ्यांपुढे पूर येतो, वाहून गेलेली शेते येतात. लेखकाला हेच हवे आहे. आता दुसऱ्यांदा वाचा. 'नदी' हा शब्द उलटा करा: 'दीन'. दीन म्हणजे गरीब. मधला 'की' दोन्ही बाजूंना जोडणारा. चांगल्या संकेताची सारी रचना एवढीच: एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला तेच उत्तर घडवण्याची कृती, आणि वर या दोहोंना झाकणारे एक फसवे चित्र. उलगडा झाला की चित्र पुसले जात नाही. पूर तिथेच राहतो. फक्त त्याच शब्दांखाली दुसरी वाट होती हे दिसते आणि आपण स्वतःशीच हसतो.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. मूळ लिव्हरपूलच्या आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात पहिले कोडे छापले. पण त्याला फसवी जीभ दिली ती इंग्लंडने. एडवर्ड पॉइस मॅथर्स हा १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचू लागला आणि त्याने टोपणनाव घेतले टॉर्केमाडा. स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखाचे हे नाव! त्याची कोडी तशीच छळणारी असत. १९३९ मध्ये तो वारल्यावर मॅकनट नावाचा शिक्षक त्याच्या जागी आला. त्यानेही झिमेनेझ हे दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचेच नाव उचलले, पण काम उलटे केले. छळाला त्याने कायदा लावला. संकेतात एकही शब्द भरतीचा नको. व्याकरण वरच्या चित्रात जसे चोख, तसेच आतल्या कृतीतही चोख हवे. आणि सरळ अर्थ न चुकता दिलेला हवा. १९६६ मधील त्याचे पुस्तक आजही कोडेकारांची स्मृती मानले जाते. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, अ‍ॅफ्रिट या कोडेकाराने सारे धर्मशास्त्र एका सूत्रात सांगून टाकले होते. त्याचा मथितार्थ असा: कोडेकाराच्या बोलण्याचा वरवरचा अर्थ त्याच्या मनातला असेलच असे नाही, पण त्याच्या मनात जे आहे ते त्याने शब्दांत ठेवलेले असलेच पाहिजे.

फसवणूक आणि खोटेपणा यांतला फरक इतक्या थोडक्यात मी आणखी कुठे वाचलेला नाही. वाचकाला चकवण्याचा लेखकाला अधिकार आहे. त्याच्याशी खोटे बोलण्याचा नाही.

हा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. मराठीत असे कोडे होईल का, या हट्टाने मी कामाला लागलो. पहिली अडचण लिपीची. इंग्रजी संकेत कानांपेक्षा डोळ्यांवर जगतो. तिथे 'फ्लॉवर' असे लिहिलेले दिसले की कसलेला सोडवणारा फुलाचा विचारच करत नाही. 'फ्लो' म्हणजे वाहणे, म्हणून वाहणारी ती 'फ्लोअर', अर्थात नदी! इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग तंतोतंत एक. देवनागरीत लिहायला जावे तर हे दोन शब्द तत्क्षणी वेगळे होतात आणि गंमत संपते. आपली लिपी बरीचशी उच्चारामागून चालणारी, म्हणून तिच्यात असे चकवे थोडे. पण मुळीच नाहीत असे नाही. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण एकाच अक्षरात लिहितो. म्हणून 'थोडेसे म्हातारपण (२)' याचे उत्तर 'जरा'. 'जरा थांब' मधला ज वेगळा आणि 'जराजर्जर' मधला वेगळा. कानाला दोन शब्द, डोळ्याला एक. अक्षरांची फिरवाफिरवही मराठीत जमते. 'कविता' या शब्दाची अक्षरे हलवली की 'विकता' होते, हे दिवाळी अंकांच्या संपादकांना सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट कळली ती आपल्या भागाची. सीमाभागात वाढलेल्या माणसाला एका शब्दामागे दुसरा शब्द ऐकण्याची सवय लहानपणापासून असते. 'ऊर' म्हटले की मराठी कानाला छाती आणि कानडी कानाला गाव. 'कै' म्हणजे तिकडे हात. इकडे दिवंगतांच्या नावाआधीची खूण. घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणारी आपली मुले हे ओझे समजून वाहतात. कोड्याच्या दृष्टीने पाहिले तर ते भांडवल आहे. एकाच भाषेत राहणाऱ्याला शब्द आरपार दिसतात, खिडकीच्या काचेसारखे. आपल्याला काचही दिसते.

याच भांडवलावर मी एक संकेत रचला: 'कानडी घरात शिरलेले चित्ते (२)'. उत्तर 'मने'. कानडीत 'मने' म्हणजे घर. मराठीत मने म्हणजे चित्ते, चित्त या शब्दाचे अनेकवचन. आणि वरचे चित्र? घरात घुसलेली जनावरे! कानडीतला ए ऱ्हस्व आहे, पण आपल्या लिपीत त्याला वेगळी खूण नाही, म्हणून तेवढी सवलत मी घेतली. मी खूश होऊन तो अण्णांकडे नेला. त्यांनी एकदा वाचला, दोनदा वाचला, क्षणभर हसले आणि म्हणाले, "शिरलेले?"

चूक तिथेच होती. जनावरे शिरलेले चित्ते. पण चित्त नपुंसकलिंगी, म्हणून ती शिरलेली चित्ते. चित्र सजवण्यासाठी घातलेला शब्द आतल्या अर्थाच्या व्याकरणाशी खोटे बोलत होता. "शिवाय हा शब्द काम काय करतो?" अण्णा म्हणाले. "तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे. बसून राहणारा शब्द आम्ही काढायला लावायचो." मी तो काढला. उरले ते असे: 'कानडी घर की चित्ते? (२)'. चित्र थोडे फिके झाले, पण संकेत प्रामाणिक झाला. आता सोडवणारा हरला तरी चिडणार नाही, आणि जिंकला तर त्याला 'का' सांगता येईल.

आपल्या परंपरेला हे सारे परके नाही. महाभारताच्या कथेत व्यास गणपतीला अट घालतात की अर्थ कळल्याखेरीज लिहायचे नाही, आणि मग त्याला थांबवण्यासाठी मधूनमधून कूटश्लोक घालतात. ८८०० हा आकडा सांगितला जातो. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार मोजले. याच ग्रंथाचा मोठा आधार घेऊन नवव्या शतकात कानडीतला 'कविराजमार्ग' सिद्ध झाला, तेव्हा ही मिरास सीमेच्या दोन्ही बाजूंची आहे. उलट भामहाने कुरकुर केली की टीकेवाचून न कळणारे काव्य जाणत्यांचा सण साजरा करते आणि बाकीच्यांचा जीव घेते.

भामहाचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. टीका लागणे हा दोष नाही; टीकेनंतर हाती काही न लागणे हा दोष आहे. संकेताचा उलगडा झाला की त्यातला एकेक शब्द आपापल्या जागी का होता हे दिसते आणि रचना अधिक आवडू लागते. आपल्याकडच्या पुष्कळ दुर्बोध कवितांना ही कसोटी लावून पाहावी. उलगड्यानंतर ज्या अधिक जिवंत होतात त्या खऱ्या कठीण. ज्यांचा उलगडा कवीलाही करता येत नाही, त्यांत नुसते चौकोन भरलेले असतात.

प्रहेलिकांचे उपयोग सांगताना दंडी गोष्टींतल्या विनोदाबरोबर आणखी एक उपयोग नोंदवतो: गर्दीत आपल्या माणसांशी गुप्त बोलणे. हे मला फार दिवस नुसते शास्त्रकाराचे वर्गीकरण वाटत होते. मग एक हकीगत वाचली. 'गार्डियन'मध्ये १९५८ पासून कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक 'अ‍ॅरोकेरिया' या नावाने लिहीत. झिमेनेझच्या कायद्यापेक्षा मोकळे, खेळकर, वाचकांचे लाडके. जानेवारी १९१३ च्या नव्हे, त्या पहिल्या कोड्याला शंभर वर्षे भरत होती त्या २०१३ च्या जानेवारीत त्यांच्या एका कोड्यावर टीप होती की कोडेकाराला अमुक क्रमांकाच्या जागी तमुक क्रमांक झाला असून त्यावर अमुक-तमुक उपचार चालू आहेत. चौकोन भरत गेले तसतशी उत्तरे उभी राहिली: कर्करोग, अन्ननलिका, आणि केवळ वेदना हलक्या करणारे उपचार. त्यावेळी ते ९१ वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

पेपर हजारोंच्या हाती होता. पानावरून नजर फिरवणाऱ्याला त्यात काही दिसले नसते. ज्याने बसून, एकेक घर भरून, प्रत्येक 'का'चे उत्तर मिळवले, त्यालाच ती बातमी कळली. आणि ती त्याला कुणी सांगितली नव्हती, त्याने ती स्वतः वाचून मिळवली होती.

आज अण्णा असते तर हे कोडे मी त्यांच्याकडे नेले असते. त्यातला एकही शब्द त्यांनी काढायला लावला नसता.